हृदयातील नायब आणि खेळाचे मैदान

जबलपुरात मराठी कुटुंबे कोणकोणत्या निमित्तांनी येऊन स्थिरावली याचा शोध घेऊ लागल्यास काहींचे धागे नागपूरकर भोसल्यांच्या अमलापर्यंत मागे जातात, काहींचे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांताच्या कचेऱ्यांपर्यंत, आणि पुष्कळांचे रेल्वे, न्यायालय व १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या हजेरीपटांपर्यंत; परंतु उपजीविका कोणतीही असो, सायंकाळी मैदानाकडे किंवा आखाड्याकडे वळणारी पावले या घरांतून सहसा चुकत नाहीत, आणि याचे श्रेय काही अंशी त्या गावालाच दिले पाहिजे. येथे जन्मलेल्या पियर्स बंधूंनी पुढे ऑस्ट्रेलियाच्या हॉकीत नाव कमावले. येथील राणीतालच्या क्रीडासंकुलात आज राज्याची तिरंदाजी अकादमी चालते. आणि येथल्याच मुस्कान किरार हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिरंदाजीचे सांघिक रौप्यपदक मिळवले. अशा गावात एखाद्या खेळत्या माणसाला, पन्नाशीत किंवा क्वचित पंचविशीतही, हिंदीच्या वळणाने म्हणतात त्याप्रमाणे ‘मशीन लागली’, म्हणजेच पेसमेकर बसवला गेला, की त्याच्या खेळाचा निकाल डॉक्टरांच्या आधी घरातच लागून जातो. पत्नी म्हणते, “अहो, आता ते बॅडमिंटन पुरे झाले.” मुलगी म्हणते, “बाबा, हात वर करू नका.” शेजारचे काका त्यात भर घालतात की नर्मदेत पोहणे तर आता विसरायलाच हवे. या तिन्ही उपदेशांत थोडथोडे तथ्य आहे. परंतु ते किती दिवसांपुरते, कोणत्या हातापुरते आणि कोणत्या कारणासाठी, याची फोड कोणीच करीत नाही, आणि खेळाडूच्या दृष्टीने सारे महत्त्व त्या फोडीलाच आहे.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि त्या प्रत्येक आकुंचनाची आज्ञा उजव्या अलिंदाच्या भिंतीत वसलेल्या, सायनस नोड नावाच्या एका सूक्ष्म पेशीपुंजातून सुटते. ती आज्ञा अलिंदांतून पसरत एव्ही नोड या दुसऱ्या ठाण्याशी येते, तेथे सेकंदाच्या दशांशाइतकी थबकते, आणि मग हिसच्या जुडग्यातून दोन्ही निलयांत उतरते. हे सारे मार्ग मानवी ज्ञानाच्या कक्षेत तसे अलीकडेच आले. विल्हेल्म हिस यांनी ते जुडगे १८९३ मध्ये दाखवले, सुनाओ तावारा या जपानी वैद्याने एव्ही नोडचे वर्णन १९०६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आज्ञेचे मूळ पीठ कीथ व फ्लॅक यांना १९०७ साली सापडले. बिघाड दोन जागी होतो. मूळ पीठच मंद पडते, अथवा श्रम वाढले तरी गती वाढवीत नाही, हा एक प्रकार. आज्ञा सुटते परंतु वाटेत अडते, हा दुसरा, ज्याला हार्ट ब्लॉक म्हणतात आणि ज्याचा रक्तवाहिन्यांत चरबी साठून होणाऱ्या अडथळ्याशी काहीएक संबंध नसतो, जरी आपल्याकडे निम्म्या घरांत या दोहोंची गल्लत होत असली तरी. वाट पूर्ण अडली की निलये स्वतःच्या हिमतीवर मिनिटाला वीस-चाळीस ठोके देत राहतात; तेवढ्यावर माणूस बसू शकतो, पण जिना चढता चढता डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि कित्येकदा तो कोसळतोही.

पेसमेकर या व्यवस्थेत कोणत्या दर्जाने बसतो हे समजण्यास जुन्या सुभ्याच्या कचेरीतील नायबाचे पद आठवावे. सुभेदाराचे फर्मान वेळेवर आले तर नायब गप्प बसून त्याची नुसती नोंद करतो. ठरावीक मुदतीत ते आले नाही तरच स्वतःच्या शिक्क्याने हुकूम काढतो. आणि फर्मान आले पण वाटेत हरवले असे दिसले, तर तेच पुढच्या ठाण्याला स्वतः पोहोचते करतो. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत हा नायब दिवसाचा बहुतेक वेळ मौनातच घालवतो, आणि यंत्र बसले म्हणजे हृदय ‘बॅटरीवर चालू लागले’ हा समज या कारणाने बव्हंशी निराधार आहे.

प्रारंभीच्या यंत्रांना मात्र ऐकणे ठाऊक नव्हते, फक्त बोलणे ठाऊक होते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ओके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेले यंत्र आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरात बसवले, तेव्हा ते काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. एका ठरावीक गतीने ठोके देत राहणे एवढेच त्या काळच्या यंत्रांचे कर्तव्य असे. माणूस निजलेला आहे की धावतो आहे याची त्यांना वार्ता नसे. लार्सन यांनी पुढे आयुष्यात वीसहून अधिक यंत्रे बदलली, आणि २००१ साली वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते निवर्तले तेव्हा त्यांना जीवदान देणारे शल्यविशारद आणि अभियंता हे दोघेही त्यांच्या आधी गेलेले होते. खेळ सोडण्याचा जो उपदेश आजही घरोघर होतो त्याचा उगम त्या जुन्या, बहिऱ्या यंत्रांच्या काळात असावा असे मला वाटते; कारण सत्तर ठोक्यांना जखडलेल्या हृदयाने टेनिस खेळणे खरोखरच अशक्य होते.

खेळाडूच्या बाबतीत एक विचार शस्त्रक्रियेच्याही आधी झाला पाहिजे. दीर्घकाळ व्यायाम केलेल्या माणसाची विश्रांतीची नाडी चाळीसवर असणे, झोपेत ती त्याहूनही खाली जाणे, किंवा एखादा ठोका मधूनच गळणे, हे पुष्कळदा त्याच्या तालमीचेच फळ असते, आणि धावायला लागताच नाडी जर नीट वाढत असेल व ते गळणे थांबत असेल, तर यंत्राची गरज बहुधा नसते. उलट, वर्षानुवर्षे अतिदीर्घ अंतराच्या शर्यती केलेल्यांत सायनस नोड खरोखरच अकाली थकतो असेही काही वेळा दिसते: स्वित्झर्लंडमधील निवृत्त व्यावसायिक सायकलपटूंत त्याचे विकार अधिक आढळले, आणि स्वीडनमधील वासालोपेट या नव्वद किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत उतरलेल्या पुरुषांत मंद नाडीचे निदान व पेसमेकर बसवणे इतरांहून अधिक झाले असे दिसून आले. म्हणून केवळ नाडीचा आकडा पाहून ना घाबरावे, ना निर्धास्त व्हावे. लक्षणे, होल्टर म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारे यंत्र, आणि ट्रेडमिल चाचणी यांची एकत्र रुजुवात घालून निर्णय व्हावा. थायरॉइडची मंदता किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही नाडी मंदावते, आणि ते कारण दूर केल्यास यंत्राची तजवीज करावी लागत नाही.

शस्त्रक्रिया म्हणावी तर ती लहानच. तासाभराची, बहुधा स्थानिक भूल देऊन केलेली. गळपट्टीच्या हाडाखाली चार-पाच सेंटीमीटरचा छेद घेऊन एका शिरेतून एक किंवा दोन वायरी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हृदयात उतरवतात, त्यांची टोके बारीक मळसूत्राने आतल्या भिंतीत रोवतात, आणि वीस-तीस ग्रॅमचे यंत्र त्वचेखालील खिशात ठेवून शिवून टाकतात. आपल्या मध्यप्रदेशातच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे, पेसमेकर बनवणारी एक कंपनी आहे, ही गोष्ट जबलपुरातही फारशी कोणाला ठाऊक नसते. पूर्वी या कामासाठी नागपूर किंवा मुंबई गाठावी लागे. आता नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभे आहे.

आता त्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांविषयी, कारण ‘हात वर करू नका’ हा मुलीचा हुकूम याच मुदतीपुरता खरा आहे. वायरीचे टोक भिंतीत रोवलेले असले तरी तिच्याभोवती तंतूंचे आवरण धरून ती पक्की होण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत त्या बाजूचे कोपर खांद्याच्या वर नेणे, जड वजन उचलणे, मागे हात फेकणे वर्ज्य, कारण एका झटक्याने टोक निसटले तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु भीतीने हात गळ्यात बांधून ठेवणे हेही तितकेच अनिष्ट. तसे केल्याने खांदा आखडतो आणि मग महिनोन्‌महिने फिजिओथेरपी करावी लागते, असे दृश्य वारंवार पाहावयास मिळते. दुसऱ्या दिवसापासून चालावे, खांदा त्याच्या मर्यादेत हळूहळू हलवत राहावे. आणि नर्मदा? जखम पूर्ण भरून, खपली पडून, त्वचा कोरडी व अखंड होईपर्यंत ग्वारीघाटावरची डुबकी टाळावी, मग नर्मदा जयंती असली तरी. कारण खिशात जंतू शिरले तर प्रतिजैविकांनी काम भागत नाही, यंत्र व वायरी सगळ्या काढून टाकाव्या लागतात, आणि त्या काढणे बसवण्यापेक्षा पुष्कळ बिकट असते. जखम भरल्यावर आणि ती मुदत संपल्यावर पोहण्यास मनाई नाही. सुरुवात छातीवरच्या सावकाश पोहण्याने करावी, हात डोक्यावरून फेकण्याचे पोहणे मागाहून. आणि यंत्र बसलेल्या माणसाने पहिले काही महिने एकट्याने प्रवाहात उतरू नये, हे तर नर्मदेच्या पात्राची ओळख असलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

यापुढचा प्रश्न हाताचा. यंत्र सामान्यतः डाव्या बाजूस बसवतात, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात आणि डावीकडून वायर उतरवण्याची वाटही सोईची असते. पण खेळाडूच्या बाबतीत ही सवय म्हणून नव्हे, मसलत करून ठरवण्याची बाब आहे. क्रिकेटमधील गोलंदाज, भाला फेकणारा, बॅडमिंटन खेळणारा, यांचा खेळणारा खांदा मोकळा राहिला पाहिजे हे उघड आहे. रायफल चालवणाऱ्याचे तसेच. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची प्रशिक्षणकेंद्रे असलेल्या या लष्करी गावात ज्याच्या उजव्या खांद्याला दस्त्याचा धक्का बसतो त्याला यंत्र डावीकडेच हवे, आणि डावखुऱ्या नेमबाजाला उजवीकडे. तिरंदाजाचे कोडे मात्र खरे अवघड. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणारा धनुष्य डाव्या हातात धरतो; ओढणाऱ्या बाजूच्या स्नायूंवर ताण मोठा, पण सुटलेली दोरी छातीच्या डाव्या बाजूलगत जाते, आणि म्हणूनच तेथे चर्माचे किंवा कापडाचे कवच बांधण्याची रीत आहे. म्हणजे एका बाजूस वायरीला ओढ, दुसऱ्या बाजूस खिशाला तडाखा. यावर तोडगा एकच एक नाही: कोणी डावीकडे, दोरीच्या वाटेपासून थोडे वर आणि स्नायूच्या खाली खोल खिसा करून घेतो व कवच जाड वापरतो, पण हे ठरवायचे तर तिरंदाजाने शस्त्रक्रियेपूर्वी आपली ओढण्याची ढब डॉक्टरांना करून दाखवली पाहिजे. ‘मी खेळतो’ एवढे सांगणे पुरत नाही.

वायरीचा खरा शत्रू मार नसून घर्षण आहे. गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यातील अरुंद फटीतून ती गेलेली असेल, तर खांद्याच्या प्रत्येक फेकीबरोबर ती त्या दोन हाडांत चेपली जाते, आणि काही वर्षांनी तिचे आवरण झिजते किंवा ती तुटते. हा धोका टाळण्यासाठी काखेकडील शीर किंवा दंडाची वरची शीर वापरण्याची पद्धत आहे. वजन उचलणाऱ्याने, पोहणाऱ्याने आणि जोर-बैठका काढणाऱ्याने तिचा आग्रह धरण्यात काही गैर नाही. वायरीविरहित पेसमेकरही आता उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले पहिले असे यंत्र औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढे असून ते मांडीच्या शिरेतून थेट उजव्या निलयात नेऊन ठेवतात. छातीवर खिसाही नाही आणि खांद्याला बंधनही नाही. किंमत मोठी, आणि प्रत्येक प्रकारच्या विकाराला ते पुरेसे पडत नाही, म्हणून तरुण खेळाडूने केवळ खांद्याच्या सोईसाठी ते घ्यावे की नाही यावर अजून मतभेद आहेत.

येथवर जे सांगितले ते शरीराच्या बाजूचे. परंतु मैदानावर परतलेल्या माणसाची जी नेहमीची तक्रार असते, की चालताना ठीक वाटते पण थोडे पळाले की एकदम पाय गळून जातात, तिचे मूळ बहुतेक वेळा यंत्राच्या आतील मांडणीत असते, आणि हा विषय मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण येथे वीस मिनिटांच्या दुरुस्तीने माणसाचा खेळ वाचतो आणि ती दुरुस्ती मागायची असते हेच कोणाला ठाऊक नसते.

हार्ट ब्लॉकच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. त्याचा सायनस नोड धडधाकट आहे, धावताच तो गती वाढवतो, आणि यंत्र त्याची प्रत्येक आज्ञा खाली पोहोचवते. परंतु यंत्राला एक वरची मर्यादा घातलेली असते, आणि कारखान्यातून येताना ती बहुधा १२० ते १३० च्या आसपास असते, कारण पेसमेकर घेणारा सरासरी माणूस सत्तरीचा असतो. तिशीतल्या हॉकीपटूची कमाल नाडी, २२० मधून वय वजा करण्याच्या ढोबळ हिशेबाने, १९० च्या आसपास जाईल; त्याला १३० ची मर्यादा म्हणजे अर्ध्या मैदानावरच हाकललेला खेळाडू. याहून वाईट गोष्ट अशी की ती मर्यादा ओलांडली जाते तेव्हा नाडी तेथेच स्थिर राहील याची खात्री नसते. यंत्र वरची आज्ञा ऐकल्यावर एव्ही नोडप्रमाणे थोडे थबकते, आणि खालचा ठोका दिल्यावर काही काळ वरच्या कप्प्याकडे कान बंद ठेवते, म्हणजे स्वतःच्याच ठोक्याचा प्रतिध्वनी त्याला आज्ञा वाटू नये. समजा, थबकण्याचा काळ १५० आणि बहिरेपणाचा ३१० मिलिसेकंद आहे; बेरीज झाली ४६०. मिनिटात साठ हजार मिलिसेकंद असतात, त्यांना ४६० ने भागले की १३० येतात. नाडी १३० च्या पुढे गेली की दर दुसरी आज्ञा त्या बहिऱ्या काळात पडते आणि ऐकूच येत नाही, आणि १३२ ची नाडी एका क्षणात ६६ वर येते. खेळाडूला हे कसे जाणवते? उताराच्या रस्त्यावर सायकलची साखळी निसटावी तसे नव्हे. चढावर असताना कोणी मागून धरून ओढावे तसे. उपाय सोपा आहे: श्रम वाढताना दोन्ही काळ आपोआप आखूड होतील अशी योजना करायची. थबक १०० आणि बहिरेपणा २५० केला तर बेरीज ३५० होते आणि मर्यादा १७१ पर्यंत सरकते. ही दुरुस्ती बाहेरून, संगणकाने, त्वचेला न छेडता होते. परंतु तिच्यासाठी रुग्णाने शांत पलंगावर पडून तपासणी करवून घेणे पुरत नाही, त्याला ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवून पाहावे लागते, आणि गर्दीच्या दवाखान्यात तेवढी सवड काढायला रुग्णालाच जिद्दीने सांगावे लागते.

ज्याचा मूळ नोडच सुस्त आहे त्याची गोष्ट निराळी. तेथे यंत्राला शरीराच्या श्रमाचा अंदाज स्वतः बांधावा लागतो, आणि बहुतेक यंत्रांत त्यासाठी हालचाल मोजणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. तो धड किती हलते यावरून गती ठरवतो, म्हणून त्याचे काही निकाल मोठे विनोदी लागतात. मदनमहालाच्या टेकडीवर चढताना, जेव्हा माणसाला धाप लागते, तेव्हा धड संथ असते आणि नाडी अपुरी वाढते; उतरताना, जेव्हा श्रम कमी असतात, तेव्हा पावलांचे धक्के बसतात आणि नाडी चढते. भेडाघाटच्या बाजूस सायकल मारणाऱ्याची पाठ स्थिर, पाय मात्र घामाघूम. संवेदकाला वाटते, गृहस्थ खुर्चीत बसले आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर जीपमध्ये बसलेल्याची नाडी मात्र उगाच धावते. श्वासाचे प्रमाण मोजणारे संवेदक, किंवा हृदयाच्या आकुंचनाचा जोर ओळखणारे, सायकलवाल्यास आणि पोहणाऱ्यास अधिक उपयुक्त. म्हणून कोणता खेळ खेळता हे यंत्र निवडण्यापूर्वीच सांगावे, बसल्यावर नव्हे.

ज्याच्या वरून आलेल्या सर्व आज्ञा वाटेतच अडतात, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठोका यंत्राने द्यावा लागतो, अशा तरुणाने आणखी एक प्रश्न विचारावा. निलयाच्या टोकाशी रोवलेल्या वायरीने दिलेला ठोका स्नायूंतून पसरतो, स्वाभाविक मार्गाने नव्हे, आणि वर्षानुवर्षे तसे चालले तर काहींच्या हृदयाची ताकद कमी होते. यावर मार्ग म्हणून ठोका थेट हिसच्या जुडग्यात देण्याची कल्पना रुग्णांवर प्रत्यक्षात आणून तिचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे प्रमुख डॉ. प्रमोद देशमुख हे होते. पुढे चीनमधील वैद्यांनी त्या जुडग्याच्या डाव्या फांदीवर वायर रोवण्याची अधिक सुलभ रीत रूढ केली, आणि आज ती भारतातही सर्रास होते. पुढची चाळीस वर्षे खेळायची आहेत अशाने तिची चौकशी केल्यावाचून राहू नये.

मज्जाव आहेच, पण तो खेळांच्या एका गटापुरता. कुस्ती, बॉक्सिंग, कबड्डी, रग्बी, जूदो, ज्यांत छातीवर सरळ आघात होतो, यांपासून पेसमेकरवाल्याने दूर राहावे असा युरोपीय हृदयरोगसंघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शकाचा सल्ला आहे. कबड्डीचे वेड असलेल्याला हे ऐकणे जड जाते, आणि त्याची समजूत घालणे मला तरी कधी जमलेले नाही. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल यांत धडक प्रासंगिक असते. तेथे खिशावर जाड पट्टी बांधून खेळता येते. अलिंदाच्या अनियमिततेसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा हिशेब पुन्हा कठोर होतो, कारण मग भीती यंत्राची नसून रक्तस्रावाची असते. मैदानाबाहेरचा एक धोकाही या गावात सांगायला हवा: कारखान्यांतील कामगाराने आर्क वेल्डिंगचे काम पुन्हा हाती घेण्यापूर्वी यंत्राच्या कंपनीची अट विचारावी, आणि ते करायचेच असेल तर ठिणगी व तारा छातीपासून किमान दोन फूट दूर ठेवाव्यात. मोबाइल अर्धा फूट दूर असला की पुरे. शरीरातील चरबी मोजणाऱ्या व्यायामशाळेतील काट्यावर मात्र उभे राहू नये.

खेळाची परवानगी यंत्र देत नाही, हृदय आणि बाकीचे शरीर देते, ही गोष्ट मुंबईच्या सुझान लिओपोल्डिना जीझस यांच्या प्रकरणात फार कठोरपणे समोर आली. पेसमेकर असूनही एव्हरेस्ट चढणारी पहिली आशियाई स्त्री होण्याचा संकल्प करून त्या एकोणसाठाव्या वर्षी नेपाळात गेल्या. तळछावणीवरील सरावातच त्यांची गती फार मंद असल्याचे दिसून आले, चढाई सोडावी असे त्यांना सांगण्यात आले, त्यांना लुक्ला येथे खाली आणण्यात आले आणि तेथे १८ मे २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. सव्वापाच हजार मीटरहून उंच अशा त्या तळावर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. नाडी वाढवणे हे पेसमेकरचे काम, विरळ हवेत फुप्फुस व मेंदू यांनी जमवून घ्यायचे ते त्याच्या कक्षेतले नव्हे. यावरून पेसमेकरवाल्याने डोंगर सोडावेत असे कोणी अनुमान काढील तर ते चुकीचे ठरेल. सह्याद्रीतील किल्ले, पचमढीच्या वाटा यांत त्याला सहसा कोणतीही अडचण येत नाही.

लोकांच्या मनातील भीतीचे आणखी एक कारण निराळ्याच यंत्राच्या बातम्यांत आहे. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियान एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला; त्यानंतर त्याला बसवलेले यंत्र पेसमेकर नव्हते. ते डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदय जीवघेण्या वेगाने थरथरू लागले तर आतूनच विजेचा धक्का देणारे यंत्र. इटलीच्या नियमांत त्यासह खेळणे बसत नसल्याने त्याला तो देश सोडावा लागला, आणि २०२२ च्या आरंभी तो इंग्लंडमधील ब्रेंटफर्डकडून पुन्हा मैदानावर उतरला व त्याच वर्षी विश्वचषकातही खेळला. अशा यंत्रासह स्पर्धा चालू ठेवणाऱ्या ३७२ खेळाडूंची जी नोंद झाली व २०१३ साली प्रसिद्ध झाली, तीत खेळताना एकही मृत्यू झालेला नव्हता, की धक्क्यामुळे कोणास दुखापत झालेली नव्हती. काहींना धक्के मात्र बसले. ज्या यंत्रामागचा विकार एवढा गंभीर, तेही सरसकट मनाईच्या पायरीवरून प्रत्येकाशी विचारविनिमय करण्याच्या पायरीवर आले. साध्या पेसमेकरची गोष्ट त्यापुढे फारच सौम्य आहे.

तपासणी पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. बॅटरी आठ ते बारा वर्षे टिकते, आणि जितका ठोक्यांचा भार यंत्रावर अधिक तितकी लवकर उतरते, हे वर्षानुवर्षे धावणाऱ्याने गृहीत धरावे. ती संपत आल्याचे यंत्र काही महिने आधीच कळवते. मग खिसा उघडून जुने यंत्र काढतात, त्याच वायरींना नवे जोडतात, आणि रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातो. या वेळी एक गोष्ट हटकून करून घ्यावी: जुन्या यंत्रातील सर्व मांडणीचा छापील तपशील मागून घ्यावा आणि नव्यात तीच उतरवली गेली का हे पाहावे, कारण नवे यंत्र कारखान्याच्या १३० वरच येते, आणि दहा वर्षांपूर्वी ट्रेडमिलवर दमून जे १७१ ठरवले होते ते जुन्याबरोबर टोपलीत जाते.